जोडपट्टा

लागोसहून कलाबारला निघालेल्या स्वस्तातल्या विमानात सीटचा पट्टा माझ्या पोटाला पुरेना. हवाईसुंदरीने जोडपट्टा आणला, पण रुमालात गुंडाळून. “मावशी, गुपचूप लावा, कुणाला दिसणार नाही,” ती कानाशी कुजबुजली. “का गं, चोरीचा माल आहे?” मी विचारलं. पलीकडच्या सीटवर आमचे पाद्री एडेट पोटावर बायबल धरून बसले होते. ते म्हणाले, “अफिओंगबाई, हळू बोला. लोक बघतायत.” “बघू देत. आमच्या रीतीप्रमाणे नवरीचं अंग भरावं म्हणून लग्नाआधी आईने मला वर्षभर खोलीत बसवून मटण नि कोनफळं चारली. तिची कमाई मी रुमालाखाली झाकू?” मी जोडपट्टा उंच धरून सगळ्या विमानाला दाखवला आणि मगच खटकन लावला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हा पाद्रीबुवांनी बायबल उचललं. खाली त्यांचा पट्टा उघडाच होता. “पोरी,” ते प्रवचनाच्या आवाजात म्हणाले, “मलाही एक आण. रुमाल नको.”