एलिएसेर जातीची डुकरं

"जातीला नाव लागेल ते एलिएसेरचं," रोसाल्बा म्हणाली. "नाहीतर राहू देत डुकरं बिननावाची."

तिचा दीर अबेलार्दो ओसरीवर फतकल मारून बसला होता. "वहिनी, पहिली डुकरीण माझ्या घरची. नाव माझंच लागणार."

"ती तुम्ही मरायला टाकून दिली होती, भावजी. मी उचलून आणली."

बोगोताहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टर मारिननी कपाळ चोळलं. काळ्या अंगाची, तांबड्या कानांची ही डोंगरातली डुकरं देशाची जुनी जात म्हणून मान्य होणार होती. अडलं होतं फक्त नावावर. "बाई, नर निवडले तुम्ही, पिल्लं जगवली तुम्ही. मग तुमचंच नाव देऊ की!"

"नको."

"आमचा एलिएसेरदादा तर गोठ्यात पाऊलही टाकत नव्हता," अबेलार्दो खवचटपणे हसला. "गुत्त्यातून घरी आला तर आला."

रोसाल्बा संतापली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं लग्नानंतर कधीतरी मोडून वाकडी जुळलेली होती. तो हात तिनं खिशात खुपसला. "माझ्या ओसरीवर बसून माझ्या नवऱ्याबद्दल बोलायचं नाही!"

"बरं. मग वरचा झरा मला दे. मी दावा सोडतो."

झरा म्हणजे तिच्या डुकरांचं पाणी. तो गेला तर नदीवरून बादल्या वाहणं आलं, तेही या वयात. डॉक्टर "घाई करू नका" म्हणेपर्यंत ती बोलून गेली, "घ्या. आणि तोंड काळं करा."

गावानं तोंडात बोटं घातली. बायको असावी तर अशी, असं पाद्रीबाबांनी रविवारी भर देवळात सांगितलं. रोसाल्बा मुकाट पाणी वाहत राहिली. पिल्लं मात्र घरोघर दिली, कुणाला अर्ध्या किमतीत, कुणाला फुकट. अट एकच, एलिएसेर हे नाव बदलायचं नाही.

नाताळ जवळ आला तशी दरसालप्रमाणे माणसं डुक्कर कापायला गल्लीत जमली. दारू होती, गाणी होती, चुलीवर कढया चढल्या होत्या.

"एलिएसेरला आडवा पाडा रे!" खाटीक ओरडला. पलीकडच्या गल्लीतूनही तीच हाक आली, आणि पाठोपाठ किंकाळी.

अबेलार्दोचा पेला ओठांशीच थांबला. तो वहिनीकडे बघतच राहिला. "यासाठी झरा दिलास?"

रोसाल्बानं खुर्ची आणखी पुढे ओढली, नीट दिसेल अशी.

"काय करणार, भावजी? तुमचा दादा एकदाच मेला."