बोटभर वळ
बाबांच्या मनगटावरचा वळ बोटभर रुंद होता आणि रात्रभराच्या झोपेनंतरही फिकटला नव्हता. तिने नेहमीसारखी कामाची तयारी केली. टेबल पुसलं, केस विंचरले, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बाबांची खुर्ची सरकवली. त्यांच्यासाठीच तर तिने घरून काम मागून घेतलं होतं. “मजा आहे बुवा तुझी! नाहीच जमलं तर वृद्धाश्रम आहेच,” दादा म्हणाला होता. तिने त्याला झिडकारलं होतं. पण एकदा मीटिंग चालू असताना बाबा बाहेर पडले, घर विसरले आणि हमरस्त्यावर सापडले. तेव्हापासून ती त्यांचा हात खुर्चीला बांधायची. आज तिने पट्टा उलगडण्याआधीच त्यांनी मनगट पुढे केलं. “घट्ट बांध गं, नाहीतर पळून जाईन,” ते हसत म्हणाले. पट्टा हातात तसाच धरून तिने फोन लावला. “दादा, वृद्धाश्रमाला हो म्हणून सांग.”