वरून की खालून?

"वरून की खालून?" युदेल्कानं तिसऱ्यांदा विचारलं आणि सीटबेल्टचं टोक हातात धरून तशीच बसून राहिली. पहिलटकरीण, सातवा महिना. पोट असं पुढे आलेलं की स्वतःच्या पायाची बोटं दिसून पंधरा दिवस झाले होते. तपासणीला बानी शहरातल्या दवाखान्यात जायचं, आणि हे घोडं दारातच अडलेलं.

"नर्स म्हणाली होती, एक पट्टा पोटाखालून, मांड्यांना लागून. दुसरा छातीच्या मधून, पोटाच्या कडेनं. की वरचा खालून म्हणाली होती?"

"तिला काय कळतंय? ती स्वतः अजून बिनलग्नाची!" मागच्या सीटवरून तिची सासू, दोन्या मिलेदिस, कडाडली. "पोटुशीनं साधी दोरीसुद्धा ओलांडू नये. बाळाच्या गळ्याला नाळेचा फास बसतो. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी नऊ महिने गळ्यात माळ घातली नाही, आणि ही बया अंगाला दोन-दोन पट्टे आवळून घेतेय!"

"मावशी, तुम्ही नका तापू," गाडीवाला फेयो म्हणाला. "पोरी, तू माझ्यासारखा नुसता खांद्यावर टाक, लावू नकोस. पुलावर पोलीस असतो, त्याच्यापुरता. पुढे आपण मोकळे."

तिघांची तीन तोंडं. युदेल्काचं डोकं भणाणून गेलं. शेवटी तिनं डोळे मिटले, पट्टा पोटाखालून ओढला आणि खट्कन लावून टाकला.

गाडी ओकोआचा घाट उतरू लागली. आणि सकाळपासून लाथा झाडणारं पोर एकाएकी गप्प झालं.

पहिल्या वळणाला तिला वाटलं, झोपलं असेल. दुसऱ्याला तिनं पोट थोपटून पाहिलं; काही नाही. तिनं हळूच खटका दाबून पट्टा सोडला. बाळानं लगेच ढुशी दिली.

"हललं ना?" सासूनं आरशातून तिचा चेहरा बरोबर टिपला. "म्हातारीला अक्कल नाही, नाही का?"

युदेल्कानं पट्टा पुन्हा लावला. पुन्हा पोटात सामसूम. आता खरं कोणाचं मानायचं, नर्सचं, सासूचं की पोटातल्याचं? ती अगदी रडकुंडीला आली.

"आई, मला काहीच कळेना हो. सोडू का? याला काही झालं तर मी काय करू?"

"सोड म्हणते ना!" दोन्या मिलेदिस दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकली आणि खटका चाचपू लागली.

तेवढ्यात वळणावरून एक मोटारसायकल आली, मागे आडवी गादी बांधलेली, अख्खा रस्ता अडवून. फेयोनं करकचून ब्रेक मारला. त्याच्या खांद्यावरचा पट्टा घसरून मांडीत पडला आणि छाती स्टिअरिंगवर आदळली. दोन्या मिलेदिसचं तोंड थेट डॅशबोर्डवर आपटलं. युदेल्का तेवढी पट्ट्यात जागच्या जागी होती.

म्हातारीच्या ओठातून रक्त येत होतं. तिनं ते पुसलंसुद्धा नाही. दोन्ही हात सुनेच्या पोटावर ठेवले.

"तो रेडिओ बंद कर मेल्या!"

फेयोनं रेडिओ बंद केला, इंजिनही बंद केलं. तिघंही पोटाकडे बघत राहिली. काही नाही. मागचा ट्रक हॉर्नवर हॉर्न मारत होता.

मग एक लाथ बसली. पट्ट्याच्या अगदी वर. पाठोपाठ दुसरी.

दोन्या मिलेदिस हमसून हमसून रडली. मग मागे सरकून नीट बसली.

"फेयो, मलाही बांध रे."

फेयोनं मान खाली घातली. "मावशी, मागचा पट्टा मी कापला. डिकीचं झाकण बांधायला."

म्हातारी सीटच्या फटीत बोटं घालून चाचपत राहिली. कापलेल्या पट्ट्याचा वीतभर तुकडा हाताला लागला. तो तिनं मुठीला गुंडाळून घट्ट धरला.

"चल," ती म्हणाली. "हळू."