सवतीची बहीण

नाणेसंग्राहकांच्या मेळाव्यात प्रत्येकजण आपलं सर्वांत लाडकं नाणं दाखवत होता. घड्याळजींनी प्राचीन ग्रीसचं, घुबडाचं चांदीचं नाणं मांडलं. “माझी सवत!” त्यांची बायको म्हणाली. “मलाही हात लावू देत नाहीत.” शेजारी दंतवैद्यांनीही घुबडच ठेवलं आणि सगळ्यांच्या नजरा दोघांकडे वळल्या. एका लिलावातल्या चढाओढीपासून दोघांचं बोलणं बंद होतं. “नक्कल असणार,” पुटपुटत घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. नाण्यांच्या कडा वेगळ्या होत्या, पण घुबडाच्या चोचीखालची बारीक चीर दोन्हींवर तीच होती. “अहो, ही चीर नाणी पाडायच्या ठशाची!” ते ओरडले. “एकाच ठशाखालून निघालेल्या सख्ख्या बहिणी!” दंतवैद्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. “म्हणजे आपण साडू!” “मग माझ्या सवतीला चार दिवस बहिणीकडे पाठवा की,” बायको म्हणाली. घड्याळजींनी घुबड अलगद उचलून दंतवैद्यांच्या तळहातावर ठेवलं.