दोन फ्रुमा

सकाळी नऊ वाजता न्यूयॉर्कच्या दप्तरखान्यात फ्रुमा कामिनरला १९४९च्या जहाजाच्या प्रवासी-यादीत आपलेच नाव सापडले. ते तिच्या आत्याचे होते. आत्या युद्धात मारली गेली असे समजून वडिलांनी मुलीला तिचे नाव दिले होते. पूर्व युरोपातले ज्यू जिवंत नातलगाचे नाव बाळाला ठेवत नाहीत. ‘कोणाकडे जाणार’ या रकान्यात वडिलांचाच पत्ता होता. तिने नव्वदीच्या मावशीला फोन लावला. “आत्या आली होती?” “आली की. तुझ्या बापानं दारातूनच घालवली. एका घरात एका नावाच्या दोघी; मृत्युदूत चुकून तुलाच नेईल, म्हणाला.” “आणि तू गप्प बसलीस?” “तू जगलीस ना? मग कशाला उकरतेस?” फ्रुमाने मृत्युनोंदीसाठी अर्ज भरला. कारकून हसला. “बाई, जिवंतपणी स्वतःचीच नोंद मागताय?” “आत्याची. एकोणपन्नासपासूनची पुस्तकं काढा.” संध्याकाळपर्यंत १९७०पर्यंतची पुस्तके चाळून झाली. तिथवर आत्या मेलेली नाही.