इस्माईलचे पेढे

“आज खंडेनवमी. आज यंत्रं चालू दिसली, तर हा कारखाना खोटा आहे हे वरून बघणाऱ्याला लगेच कळेल,” घोलप मिस्त्री म्हणाले. कॅप्टन रेवतीने ताबडतोब सगळे लेथ थांबवले.

शत्रूची विमानं भर दुपारी यायची आणि माणसांच्या अंगातली ऊब, त्यांची चाल पाहून खरा कारखाना ओळखायची. म्हणून या बंद पडलेल्या कारखान्यात ऊबदार पुतळे फिरत होते. मिस्त्रींनी त्यांना आपल्या गेलेल्या सोबत्यांच्या चाली दिल्या होत्या, एकेक आठवून.

टेकडीवरच्या खंदकात बसून दोघं पडद्यावर पाहत होते. लेथना झेंडूचे हार घातले होते. इस्माईलचा पुतळा, तो दरवर्षी निघायचा तसाच, लंगडत लंगडत पेढे वाटत निघाला. रांगेच्या शेवटी मिस्त्रींचा स्वतःचा, तिशीतला पुतळा हात पुढे करून उभा होता.

तेवढ्यात विमानं आली. पडदा पांढराफटक झाला.

“फसले, काका! डोंगरापलीकडचा खरा कारखाना वाचला!” रेवती ओरडली.

मिस्त्रींनी मान डोलावली. नकळत पुढे केलेला हात त्यांनी हळूच मागे घेतला.

“माझ्यापर्यंत आलाच होता गं तो,” ते म्हणाले.