चार बटणं

बाथरूममध्ये घसरून डोक्याला मार लागला आणि दिनानाथांची वाचा अन् उजवा हात, दोन्ही गेली. मुलगा निशांत घरी होता म्हणून वाचले. आता बोलायचा तो टॅब, आणि त्यात कंपनीने चारच बटणं ठेवलेली: पाणी, भूक, दुखतंय, संडास. मराठी कीबोर्ड हवा तर टॅब रूट करणं, म्हणजे कंपनीने आत घातलेलं कुलूप तोडणं, भाग होतं. रविवारी सुमेधा नवशिक्यांसाठीची माहिती उघडून सासऱ्यांच्या पलंगाशीच बसली.

“कशाला नसतं टेन्शन घेतेस? चाललंय ना त्यांचं,” दारातून निशांत म्हणाला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

सातव्या पायरीला स्क्रीन काळी पडली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. उरलेली चार बटणंही आपण घालवली, या भीतीने सुमेधाला सासऱ्यांकडे बघवेना.

मग टॅब थरथरला आणि कीबोर्ड उमटला.

“बाबा, लिहा काहीही.”

दिनानाथांनी दारातल्या लेकाकडे पाहिलं. डाव्या हाताच्या बोटाने एकेक अक्षर दाबलं. टॅब सपाट आवाजात बोलला, “मी घसरलो नव्हतो.”